पंचाक्षरींचा तिसरा प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोडला कुणाच्याही गॅरेजात एखादा बोल्ट कटकन तुटला, की तिथली माणसं आधी एकमेकांकडे बघतात, मग छताकडे बघतात, आणि मग कुणीतरी खालच्या आवाजात म्हणतं, "अण्णांकडं न्यावं लागतंय की." हे म्हणताना त्याचा चेहरा दाढ काढायला निघालेल्या माणसासारखा होतो. कारण अण्णांकडे नुसतं काम नेऊन टाकता येत नाही. तिथं खरं बोलावं लागतं.

अण्णा म्हणजे पंचाक्षरी कलशेट्टी. वय एकसष्ट. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बिनइस्त्रीचा खाकी शर्ट आणि खिशात मेणबत्तीचा तुकडा. गंजून बसलेले, डोकं उडालेले, मधूनच मोडलेले बोल्ट काढून द्यायचे, एवढाच त्यांचा धंदा. गाडी दुरुस्त करा म्हटलं तर ते हाताने रस्ता दाखवतात. "हितं गॅरेजं लई हायती. मी फकस्त बोल्ट काडतो." दुकानावर पाटी नाही, कारण ज्याला यायचं असतं तो विचारत विचारत येतोच. वैरागहून, अक्कलकोटहून, एकदा तर पार केम गावाहून एक माणूस इंजिनाचं हेड गोणपाटात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन आला होता. शेजारच्या बाईने त्याला आत बाळ आहे का म्हणून विचारलं, असं तो सांगत होता.

आलेल्या माणसाला अण्णा आधी बाकावर बसवतात आणि चहा देतात. चहा अर्धा झाला की तीन प्रश्न विचारतात. कोणी तोडला? कुठल्या पान्यानं? आणि तुटायच्या आधी हाताला काय कळलं?

पहिल्या प्रश्नाला आजवर आलेलं उत्तर ठरलेलं आहे. "अण्णा, गंजलेला होता. आपोआप तुटला." हे ऐकलं की अण्णा काही बोलत नाहीत. ते पेपर उघडतात आणि मृत्यूच्या बातम्यांपासून सुरुवात करून शेवटच्या पानावरच्या बाजारभावापर्यंत येतात. समोरचा माणूस घाम पुसतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तो तसाही पुसावा लागतो, पण हा घाम वेगळा. शेवटी तो घसा खाकरतो आणि म्हणतो, "मी तोडला." मग अण्णा पेपराची घडी घालतात.

एकदा मोठ्या मिशीचा, तीन गॅरेजांचा मालक दीड तास बसून राहिला होता. सगळा पेपर संपला, पुरवणी संपली, कोड्यातले उभे-आडवे शब्द संपले, तेव्हा कुठे त्याने कबूल केलं, की पाना बोल्टला लावून तो पान्यावर उभा राहिला होता. नुसता उभा राहिला नव्हता, थोड्या उड्याही मारल्या होत्या. अण्णांनी मान डोलवली आणि विचारलं, "किती?" त्या माणसाने डोळे मिटून आठवलं आणि म्हणाला, "तीन." एवढी माहिती मिळाल्यावरच त्यांनी हातोडी उचलली.

आता ह्याला कुणी विक्षिप्तपणा म्हणेल, आणि श्रीदेवी, म्हणजे अण्णांची बायको, गेली पस्तीस वर्षं तसं म्हणतेच आहे. पण त्यात विद्या आहे. बोल्ट कसा तुटला यावर तो कसा निघणार हे ठरतं. ठोकून तुटला असेल तर आटे चेपलेले असतात. पान्याला लांब पाइप जोडून ओढला असेल तर तो पिळलेला असतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो तिसरा प्रश्न. चांगला बोल्ट तुटायच्या आधी एक क्षण मऊ पडतो. इतका वेळ दगडासारखा बसलेला असतो, आणि अचानक पाना सुखासुखी फिरायला लागतो. कच्च्या माणसाला वाटतं, निघाला. पक्क्या माणसाला कळतं, की हा निघत नाहीय, हा मरतोय. तो तिथंच थांबतो. हे कान सांगत नाहीत, डोळे सांगत नाहीत, फक्त बोटं सांगतात. "ज्याच्या बोटाला ते कळतंय त्यो मेकॅनिक," अण्णा म्हणायचे, "बाकीचे नुसते पानेवाले."

जबानी झाली की काम सुरू. बोल्ट गरम करायचा, मेणबत्ती टेकवायची, म्हणजे वितळलेलं मेण आट्यांत झिरपत जातं. मग वाट बघायची. मग थोडं पुढे, थोडं मागे. हे करताना अण्णा बोल्टाशी कानडीत बोलतात. "बा तंगी, बा." ये बाई, ये. बायकोशी ते इतकं गोड कधी बोललेले नाहीत, आणि हे श्रीदेवीने त्यांना अनेकदा मराठीत आणि कानडीत दोन्हीकडून सांगून झालं आहे.

बोल्ट निघाला की अण्णा तो तुकडा कागदात बांधून तोडणाऱ्याच्याच हातात देतात. "पेटीत ठेव." त्यामुळे अक्कलकोट रोडवरच्या प्रत्येक मेकॅनिकच्या पेटीत, सगळ्या पान्यांच्या खाली, एकदोन पुड्या असतात. कुणी दुसऱ्याची पुडी उघडत नाही. आणि अण्णा कुणाची जबानी दुसऱ्याला सांगत नाहीत. अख्ख्या रस्त्याची बिंगं ज्याच्या पोटात आहेत अशा माणसाशी संसार करायचा आणि त्यातलं एकही आपल्या कानावर येऊ नये, हे दुःख श्रीदेवीलाच माहीत.

अण्णांच्या दुकानासमोर, बरोबर रस्त्याच्या पलीकडे, सोमशेखर बिराजदारचं वेल्डिंगचं दुकान आहे. तोही तुटके बोल्ट काढतो. मोडक्या तुकड्यावर नट ठेवायचा, वेल्डिंग करून दोन्ही एकजीव करायचे आणि पान्याने फिरवून बाहेर घ्यायचं. दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांत होणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर अण्णांचा विश्वास नाही. "ते काडनं न्हवं, उपटनं हाय," ते आपल्या गिऱ्हाइकाला सांगतात, पण आवाज असा लावतात की तो रस्ता ओलांडून जावा. पलीकडून सोमशेखर त्याच्या गिऱ्हाइकाला सांगतो, "तिकडं ठेवा की समोर. श्रावणात मिळंल. कुटल्या श्रावणात ते मातर इचारू नका." अशी दहा वर्षं झाली. दोघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. बोलायचंच झालं तर श्रीदेवी मध्ये आहे.

वास्तविक त्याच्याही आधी एक वर्ष, वेल्डिंगचं दुकान नवं असताना, सोमशेखर ह्याच बाकावर बसून गेला होता. तेव्हा त्याने दिलेली जबानी ही रस्त्यावरच्या सगळ्या जबान्यांत वरचढ होती. तो जीपखाली उताणा पडला होता, हात डोक्याच्या मागे, आणि त्या आडव्यातिडव्यात त्याचं उजवं-डावं उलटं झालं. पाऊण तास तो बोल्ट सोडवतोय असं समजून आवळत होता. शेवटी बोल्टानेच हार मानली. ह्या धंद्यात याच्याइतकी लाजेची दुसरी गोष्ट नाही. अण्णांनी ती ऐकली, बोल्ट काढला, पुडी दिली. नंतरच्या दहा वर्षांच्या टोमण्यांत त्यांनी सोमशेखरच्या आगीला नावं ठेवली, घाईला ठेवली, त्याच्या काळ्या चष्म्यालाही ठेवली, पण त्या बोल्टाचा शब्द काढला नाही. हे आपल्याला कळलंय ते सोमशेखरने पुढे स्वतःच सांगितलं म्हणून.

तर अशा ह्या अण्णांच्या बाबतीत गेल्या दिवाळीपासून एक गोष्ट घडत होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना कळेनासं झालं होतं.

पहिल्यांदा चहाचा गरम पेला धरून ते निवांत बसले होते, आणि शेजारच्याने तोच पेला उचलून बोंब मारली. मग शर्टाची बटणं लागेनात. मग एकदा हातातून मेणबत्ती पडली आणि त्यांना ती खाली दिसल्यावरच कळलं. साखर होतीच अंगात, आठ वर्षांपासून. डॉक्टर म्हणाला होता, पायांकडे लक्ष ठेवा. अण्णांनी इमानदारीत पायांकडे लक्ष ठेवलं आणि तेवढ्यात हात गेले. आरशासमोर उभे राहून ते रोज सकाळी अंगठ्याने एकेक बोट चिमटत, जणू आज तरी ती उत्तर देतील. ती देत नव्हती.

सहा महिने त्यांनी निभावून नेलं. डावा हात जास्त वापरला, वेळ जास्त लावला, अवघड कामं "बोल्ट खराब हाय" म्हणून परत पाठवली. माणसं म्हणाली, अण्णा म्हातारपणी कडक झाले. अण्णांना ते बरंच वाटलं. कडक म्हणा, पण बोटांचं कुणाला कळू नये. ज्याच्या बोटाला कळत नाही त्याला ते स्वतःच काय म्हणत आले होते, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला पाठ होतं. आणि बोल्ट काढणं सोडून द्यायचं तर सकाळी उठून करायचं काय, ह्या प्रश्नापाशी ते रोज येत आणि कूस बदलत.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी ते झालं, जे व्हायचंच होतं.

गाडी यज्ञेश्वर सरांची होती. सर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. अण्णांच्या मुलीला, अक्षताला, दहावीचं गणित त्यांनी रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून शिकवलं होतं, म्हणून अख्ख्या सोलापुरात ही एकच गाडी अशी होती जिचं सगळं काम अण्णा करत. पांढरी, सत्तावीस वर्षांची मारुती. ती तापायला लागली होती, त्यामुळे इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा ॲल्युमिनियमचा भाग, उतरवायचा होता. येत्या रविवारी वैरागला सरांच्या मेहुणीची पंचाहत्तरी होती. सरांच्या पत्नीला, रुक्मिणीबाईंना, एस.टी. लागते, टॅक्सी लागते, मुलाची नवी गाडीसुद्धा लागते. लागत नाही ती फक्त ही मारुती. गाडी नाही तर बाई नाहीत, आणि बाई नाहीत तर बहिणीची पंचाहत्तरी कसली, असा हिशेब सरांनी गाडी सोडतानाच मांडून ठेवला होता.

हेड सोडवताना सायलेन्सरच्या बाजूचे बोल्ट आधी काढावे लागतात. ते वर्षानुवर्षं भाजून निघालेले असतात. पाच सुखरूप निघाले. सहाव्याला अण्णांनी मेण पाजलं, वाट बघितली, "बा तंगी" म्हटलं आणि पाना ओढला. पाना फिरला. अण्णांना वाटलं, निघाला.

कटकन आवाज आला तेव्हा अण्णांनी आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे बघितलं, आणि मग छताकडे बघितलं.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पाना तसाच हातात होता. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताने बोल्ट तुटला नव्हता, असं लोक म्हणत, आणि ते जवळजवळ खरंही होतं. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि रागात त्यांनी ते केलं ज्यासाठी दुसऱ्याला त्यांनी बाकावर दोन तास बसवलं असतं. वाट न बघता त्यांनी हेड उतरवलं, ड्रिल काढलं आणि मोडक्या तुकड्याला मधोमध भोक पाडायला घेतलं. तुकडा पोलादाचा, भोवतीचं हेड मऊ. नेम जरा चुकला की ड्रिल मऊ बाजूला घसरतं. धरलेल्या बोटांना ते घसरणं कळलंच नाही. डोळ्यांनी बघेपर्यंत भोक एका कडेला गेलेलं होतं. आणखी एक सूत गेलं असतं तर हेडचे आटे खलास, आणि हेड भंगारात. त्यांनी ड्रिल खाली ठेवलं आणि हेडवर गोणपाट टाकलं.

संध्याकाळी सर चालत आले. "काय म्हणते गाडी, पंचाक्षरी?"

"एक बोल्ट तुटला सर," अण्णा म्हणाले. मग त्यांचा स्वतःवर विश्वास बसणार नाही असं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं. "गंजलेला होता. आपोआप तुटला."

सरांनी चष्मा कपाळावर नेला आणि गोणपाटाकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले. गृहपाठाची वही घरी राहिली असं सांगणाऱ्या मुलाला ते जे 'बरं' म्हणत, तेच हे होतं. छत्तीस वर्षांत त्याच्या धारेत फरक पडला नव्हता. सर गेल्यावर अण्णांनी पेपर उघडला, पण त्यांना एक अक्षर लागेना.

बुधवारी अण्णा दुकानात गेले, गोणपाटाकडे पाठ करून बसले आणि घरी आले. दुपारी पानात शेंगाचटणी आणि गरम भाकरी होती, तरी त्यांनी एक भाकरी ठेवली. श्रीदेवीने ती उचलली नाही. समोर बसून राहिली.

"हेड गेलं व्हय?" तिने विचारलं.

"गेलं न्हाय. जातंय आता."

"मग समोर जावा की."

"कुटं समोर?"

"समोर म्हंजे समोर. रस्ता काय धा कोसाचा हाय?"

"त्याच्याकडं? त्यो जाळून काडतो."

"जाळून काडू दे. रुक्मिणीबाई वैरागला पोचल्या म्हंजे झालं." ती ताटाकडे बघत होती. "आनि तितं गेलात की त्यो इचारील. सांगा खरं."

"काय खरं?"

श्रीदेवी उठली आणि त्यांच्या मागून दोन्ही हात पुढे घेऊन तिने त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. ते सकाळपासून उघडंच होतं. "संक्रांतीपासनं तुमची बटनं मी ढिली शिवते," ती म्हणाली. "भोकं मोटी केलीत. तुमी रोज म्हनता, ह्यो शर्ट बरा हाय."

 अख्ख्या रस्त्याचं खरं काढणाऱ्या माणसाचं खरं तीन महिने सुईदोऱ्याच्या डब्यात पडलेलं होतं.

"मग इचारलं का न्हाईस?"

"तुमी कुनाला इचारून घाई करता व्हय? चहा द्यायचा आनि बसायचं. बसले." तिने ताट जवळ ओढलं. "पर लई बसवलंत." आता तिचा आवाज जरा फाटला, आणि तो लपवायला ती ताट उचलून आत गेली. अण्णांना वाटलं उठून तिच्या मागे जावं, पण त्यांनी ती राहिलेली भाकरी खाल्ली.

गुरुवारी दुपारी दोन वाजता, अर्धी शटरं खाली ओढून अख्खा रस्ता घोरत होता, तेव्हा अण्णांनी हेड गोणपाटात गुंडाळलं आणि रस्ता ओलांडला. एवढ्या उन्हात कुत्रंही बाहेर नव्हतं, तरी त्यांनी दोन्हीकडे दोनदा बघितलं. वाहनांसाठी नाही हे उघडच आहे.

सोमशेखर खुर्चीत पेंगत होता. डोळे उघडून समोर अण्णा दिसल्यावर तो आधी खुर्चीसकट मागे सरकला आणि मग उभा राहिला. अण्णांनी हेड टेबलावर ठेवलं आणि गोणपाट बाजूला केलं. सोमशेखरने कडेला गेलेलं भोक बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याने एकच स्टूल होतं ते फडक्याने पुसलं आणि अण्णांसमोर ठेवलं. थर्मासमधला चहा ओतून दिला.

अण्णांना कळलं काय होतंय ते. त्यांनी चहा अर्धा केला.

"कोनी तोडला, अण्णा?" सोमशेखरने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त अवघड झालं.

"मी."

"कुटल्या पान्यानं?"

"रिंग पाना. बाराचा. पाइप न्हाय लावला."

सोमशेखरने तिसरा प्रश्न लगेच विचारला नाही. बाहेरून एक टमटम गेली, तिचा आवाज शांती चौकाकडे जाईपर्यंत तो थांबला. "तुटायच्या आदी हाताला काय कळलं?"

अण्णांनी पेला टेबलाच्या कडेला ठेवला. हजारेक माणसांना आपण हे विचारलं, आणि विचारताना पेपराच्या आडून त्यांचे चेहरे बघायची मजा घेतली, हे त्यांना आत्ता आठवायला नको होतं, पण आठवलं. त्यांनी उजवा हात समोर धरला आणि जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघितलं.

"काय न्हाय कळलं," ते म्हणाले. "दिवाळीपासनं काय कळत न्हाय, सोमा. पाना हातात हाय का न्हाय ते बगावं लागतंय."

सोमशेखर 'अरे रे' म्हणाला नाही. डॉक्टरांचं नाव सांगितलं नाही. त्याने हेड जवळ ओढलं आणि कामाला लागला. ह्याबद्दल अण्णा त्याचे कायमचे ऋणी राहिले, आणि तसं त्यांनी त्याला कधीच सांगितलं नाही.

मोडक्या तुकड्यावर नट बसला. सोमशेखरने काळा चष्मा घातला, अण्णांना तोंड फिरवायला सांगितलं, आणि ठिणग्या उडाल्या. नट आणि तुकडा एक झाले. लाली उतरल्यावर सोमशेखरने पाना उचलला, तेव्हा अण्णांनी खिशातून मेणबत्ती काढून न बोलता पुढे केली. सोमशेखरने तीही न बोलता घेतली. मेण धूर काढत आत गेलं. दोघं थांबले. वेल्डिंगच्या दुकानात कुणी इतका वेळ नुसतं थांबल्याचं ते पहिलंच उदाहरण असावं.

"अण्णा, तुकडा एका बाजूनं पातळ हाय," सोमशेखर म्हणाला. "मऊ पडला तर मला येळंवर कळंल का न्हाय, सांगता येत न्हाय. माजं बोट तुमच्यासारकं कदीच न्हवतं."

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. भिंतीवर फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर अडकवलेला होता. इंजिनात कुठला आवाज कुठून येतो हे ऐकायला मेकॅनिक तो डॉक्टरच्या नळीसारखा वापरतात. टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची. अण्णांनी तो काढला, टोक हेडवर टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटले.

"फिरव."

सोमशेखरने जोर दिला.

"थांब. मागं घे." अण्णांच्या कानात बारीक करकर आली होती. आटे सुटताना करकरतात. पोलाद पिळताना आवाज बंद होतो. हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं, पण बोटं होती तोवर कानाला कुणी विचारलं नव्हतं. "आता पुडं. हळू. करकरतंय, येऊ दे. थांब, थांब, गप झालं. मागं." अशी त्यांची पाऊण तास जुगलबंदी चालली. सोमशेखरच्या कोपरावरून घाम टेबलावर टपकत होता. आणि मग करकर एकदम लांबली, सैल झाली, आणि अण्णांच्या तोंडून आपोआप गेलं, "बा तंगी, बा." पाना सरसर फिरला. तुकडा बाहेर आला. भोवतालचे आटे शाबूत होते.

सोमशेखरने चष्मा काढला.  मग त्याने कालच्या पेपराचा कोपरा फाडला, तुकडा त्यात बांधला आणि म्हणाला, "पेटीत ठेवा."

अण्णांनी उजवा हात पुढे केला. बोटांना पुडी कळली नाही. पण ती सरकून तळहातावर आली, आणि तिथं ती चांगलीच गरम लागली. अण्णांनी मूठ मिटली. त्यांचे डोळे भरून आले, आणि ह्या वेळी त्यांनी छताकडे बघितलं नाही.

शनिवारी सर गाडी न्यायला आले. इंजिन सुरू करून दाखवलं, तरी अण्णा बॉनेट खाली करेनात. "सर," ते म्हणाले, "त्यो बोल्ट आपोआप तुटला न्हवता. मी तोडला."

"माहीत आहे," सर म्हणाले. "बोल्ट आपोआप तुटत नाही, हे तुम्हीच मला पंचवीस वर्षांपूर्वी ह्या बाकावर बसवून सांगितलं होतं. तेव्हा मी तोडला होता." मग त्यांनी चष्मा खाली घेतला. "हात दाखवलात का कुणाला?"

"सोमवारी जातोय. बायको नेतीय."

"मग बरं," सर म्हणाले. हे 'बरं' वेगळं होतं. रविवारी रुक्मिणीबाई वैरागला पोचल्या आणि त्यांना काहीही लागलं नाही, असा निरोप संध्याकाळी आला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. बोटं परत येतील असं कुणी म्हणालं नाही. अण्णांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सोमशेखर स्वतःचं शटर वर न करता त्यांच्या घरी आला, श्रीदेवीने दिलेला चहा प्यायला आणि म्हणाला, "माज्याकडं एक हेड आलंय. पातळ बोल्ट हाय. कान लावायला कोन न्हाय."

आता दोन्ही दुकानांतून एकच काम होतं. सकाळी सोमशेखर रस्ता ओलांडून इकडे येतो, दुपारी अण्णा तिकडे जातात. अण्णा कान लावतात, सोमशेखर पाना फिरवतो, आणि कुठे मेण पुरेल आणि कुठे आग वापरावी लागेल यावर दोघं रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने भांडतात. फक्त आता भांडण थेट होतं. मध्ये पडायचं काम गेल्यामुळे श्रीदेवीला चुकल्यासारखं वाटतं.

परवा वैरागहून एक गॅरेजवाला आला. मांडीवर गोणपाट, चेहरा पडलेला. त्याने बाकावर बसल्या बसल्या सुरुवात केली, "अण्णा, गंजलेला होता, आपोआप..." आणि बोलता बोलता त्याची नजर टेबलावर गेली. अण्णांनी ती पुडी पेटीत ठेवलेली नाही. उघडून, पेल्याशेजारी, येणाऱ्याला दिसेल अशी ठेवली आहे. एका कडेला भोक पडलेला बोल्टाचा तुकडा, त्याला चिकटलेला नट. धंद्यातल्या माणसाला तो कसा मोडला आणि ड्रिल कसं घसरलं, हे बघताक्षणीच कळतं.

"अगं आई," तो म्हणाला. "हे कुनी केलं?"

अण्णांनी पेपराला हात लावला नाही.

"मी," ते म्हणाले. "चहा घे. आता तुजं सांग."